फरशीवरचा जवळा

"ओत."

सुपरवायझरने फिनेलची बाटली माझ्या हातात कोंबली आणि एवढंच म्हणाला. माझ्या पायाशी जवळा पसरलेला होता. ओला, गुलाबी, नुकताच होडीतून उतरलेला. नव्या बागेच्या मधोमध समुद्राकडे तोंड करून फरशीचा मोठा चौक केलाय, त्याच्यावर. इतका एकसारखा पसरलेला की कुठे ढीग नाही, कुठे मोकळी जागा नाही. असा हात आमच्या मासेमारांच्या मांगेलआळीत एकाच बाईचा. ती बाई माझ्यापासून चार पावलांवर उभी होती. माझी सासू.

बागेचं उद्घाटन आदल्याच दिवशी झालं होतं. झेंडूच्या माळा अजून कठड्यावर लटकत होत्या. शनिवार होता, मुंबईच्या गाड्या यायला लागल्या होत्या. बाग सांभाळायला जी समिती नेमलीय तिच्या मॅडम नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. मुंबईच्याच. आमच्या गावात नारळीची वाडी घेऊन तिच्यात बंगला बांधलाय, सुट्टीच्या दिवशी पाहुणे ठेवतात. तेव्हा मी त्यांना ‘आल्या, बसल्या’ असंच म्हणायचे. आता जीभ वळत नाही.

"शी! पहिल्याच दिवशी ही घाण? कोणी आणून टाकलं हे?"

"मीच वाळत घातलाय, बाय," सासू म्हणाली. हसून म्हणाली. "दुपारपर्यंत सुकंल. फरशी काय सुरेख केलीय तुमी!"

मॅडम तिच्याशी बोललीच नाही. ती माझ्याकडे वळली. मी सफाईवाली. अंगात निळा कोट, पाठीवर ठेकेदाराचं नाव.

"तुमच्या आळीतली आहे ना ही? ओळखतेस तू हिला?"

कामावर घेताना ठेकेदाराने आम्हां बायकांना रांगेत उभं करून सांगितलं होतं. जिच्या घरची मासळी बागेत दिसेल तिचं काम त्याच दिवशी गेलं. मला ते शब्द पाठ होते. सासूला मी ते सांगितलेच नव्हते.

मी म्हणाले, "नाय."

किती सहज निघाला तो शब्द! अडखळलेसुद्धा नाही. आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

सासूच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. तिला कळलंच नव्हतं. मग कळलं. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि समुद्राकडे बघायला लागली.

"झाडून टाकते," मी सुपरवायझरला म्हणाले. मनात होतं, पाटीत भरून मागच्या भिंतीवरून सासूला देता येईल.

त्याने ते ओळखलं असणार. तो म्हणाला, "नुसतं झाडू नको. आधी फिनेल ओत. नायतर ह्या बायका उचलून धुऊन परत बाजारात विकतील."

मी ओतलं. पूर्ण बाटली. मग झाडलं. खराट्याला जवळा चिकटत होता, तो मी बोटांनी सोडवत होते. ह्याच बोटांनी मी आदल्या आठवड्यात सासूच्या शेजारी बसून जवळ्यातला कचरा निवडला होता. सगळा जवळा केराच्या डब्यात टाकला, डबा कचऱ्याच्या गाडीवर चढवला. रस्त्यावर गाडी थांबवून कुणीतरी व्हिडिओ काढत होतं.

"म्हातारे, माफी माग मॅडमची," सुपरवायझर म्हणाला.

सासूने दोन्ही हात जोडले. मॅडम तोपर्यंत फोनवर बोलत लांब गेली होती. सासू तरी हात जोडून तशीच उभी. कुणी सोडेना म्हणून उभी. शेवटी तिचं तिलाच कळलं की झालं, आणि ती रिकामी पाटी उचलून गेली.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला अक्कल नको? एवढी बाग, झाडं, बाकं, दिवे, त्यात मासळी कोण घालतं वाळत?

ऐका मग.

आमच्या गावाला जुना किल्ला आहे. किल्ला म्हणजे उरलेला एक बुरूज आणि खाडीच्या तोंडाशी थोडी भिंत. त्या बुरजाच्या सावलीपासून सुरूच्या झाडांपर्यंतची सगळी जागा आमची खळी होती. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा, शेणाने सारवलेली. प्रत्येक घराचं वेगळं, पण मध्ये कुंपण नाही. बोंबलासाठी बांबूच्या वलांड्या, दोरीवर जोडीजोडीने बोंबील लटकवलेले. जवळा मात्र जमिनीवर. सकाळी पसरायचा, दुपारी हाताने खालीवर करायचा, ऊन उतरायच्या आत गोळा करायचा. मध्ये वारा सुटला की वाळू येते. कितीही पाखडा, वाळू राहते. गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. वाळू नाय ना?

सासूचा सगळा जन्म त्या वाळूशी भांडण्यात गेला. जेवताना दाताखाली कच्च झालं की ती स्वतःलाच शिवी द्यायची.

आमचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी एक सरकारी साहेब आला होता. फाईल घेऊन, चांगला बोलणारा. सगळ्या बायकांना खळ्यावर गोळा करून म्हणाला, तुम्हाला पक्का ओटा बांधून देऊ, सिमेंटचा, मासळी सुकवायला. वाळू नको, शेण नको, धुतला की स्वच्छ. अर्जावर अंगठे घेतले. मी दहावी पास, मी सही केली. सासूने अंगठा उठवला आणि तो निळा अंगठा तिने दोन दिवस धुतला नाही. आळीभर दाखवत फिरली. "माझा ओटा येणार हाय."

साहेब परत आला नाही. अर्ज कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. वर्षं गेली. मग एके दिवशी तिथेच, अगदी आमच्या खळ्याच्या जागेवर, ट्रक आले. फरशी उतरली. गुळगुळीत, दगडी, एकसारखी. सासू रोज बाजारातून येताना बघत उभी राहायची आणि घरी येऊन सांगायची, आज एवढी झाली, आज कडेपर्यंत आली. मी ऐकत होते. मला माहीत होतं की ती फरशी सूर्यास्त बघायला येणाऱ्यांसाठी आहे. मी तिथेच कामाला लागले होते. केळव्याला लोक येतात, तर आपल्याकडे का नको म्हणून बाग होतेय, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिलाही बाग माहीत होती. पण बागेत एक ओटा आपला, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. सरकारने उशिरा का होईना शब्द पाळला, असं तिला वाटलं.

मी एकदाही म्हणाले नाही की आय, ती फरशी आपली नाय. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. खरं तर मला तिचा आनंद मोडायचा कंटाळा आला होता. ह्याचा जो दोष आहे तो माझा. तो मी कुणाच्या अंगावर ढकलत नाही.

म्हणून ती त्या सकाळी पहिल्या होडीचा जवळा घेऊन सरळ आत गेली. फाटक अजून बसलं नव्हतं. फरशी तिने आधी दोन हंडे पाणी आणून धुतली. नंतर पसरला.

हे काम मी का धरलं तेही सांगते. घरात दोन पोरं. नवरा डोल जाळ्याच्या होडीवर खलाशी होता. जाळ्यात मासळी कमी यायला लागली, होडीच्या मालकाने माणसं कमी केली. आता तो बोईसरला कारखान्यात ठेक्यावर जातो, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपतो. समुद्रावरचा माणूस पत्र्याखाली बारा तास उभा राहिला की त्याचं बोलणं कमी होतं. त्याच्याही ठेक्याचा भरवसा नाही. मग बागेचं काम निघालं. स्थानिक बायकांना प्राधान्य, असं सांगितलं. आमच्या आळीतल्या तिघी लागलो. गावात त्याची केवढी बढाई झाली! आमच्याच खळ्यावर आम्ही नोकर लागलो आणि आम्हीच पेढे वाटले.

कामाच्या अटी तोंडी होत्या. बाकावर बसायचं नाही, पाहुण्यांसाठी आहेत. डबा संडासाच्या मागे खायचा. पाहुणे फोटो काढत असले की फोटोत यायचं नाही. मासळीवाल्या बायका बागेतून जाऊ द्यायच्या नाहीत. बंदराकडे जायची आमची जुनी वाट बागेच्या मधूनच जायची, ती भिंतीने बंद झाली. आता पाटी डोक्यावर घेऊन सुरूच्या झाडांमागून वळसा घालावा लागतो. सासूचे गुडघे गेलेले. ती रोज तो वळसा घालायची, आणि मी आतून झाडताना तिची पाटी भिंतीवरून सरकताना बघायचे. पाटीच दिसायची. खालची बाई दिसायची नाही.

बागेच्या तोंडाशी गावाचा इतिहास लिहिलेली पाटी लावलीय. ती मी रोज पुसते, म्हणजे पुसायचे. त्यात पोर्तुगीज आहेत, मराठे आहेत, इंग्रज आहेत. किल्ल्यात कोण आला, कोण गेला, सगळं आहे. किल्ल्याखाली बसून जे मासळी सुकवत होते त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

तर त्या दिवशी मी घरी गेले. हाताला फिनेलचा वास. साबणाने धुतलं, राखेने घासलं, जात नव्हता. सासूने भात वाढला. मी म्हणाले, "आय..."

"जेव आधी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाही बोलली, तिसऱ्या दिवशी नाही. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय धरले असते. शिव्या द्यायला तिच्यासारखी बाई आळीत नव्हती. मला ती एक शिवी देईना. चौथ्या दिवशी चुलीशी बसून म्हणाली, "चूक माझीच हाय. मला मेलीला वाटलं, ओटा आला."

मला वाटलं, विषय मिटला. मिटला नव्हता. बाजारात आमच्या शेजारणीने तिला विचारलं, "काय गो, तुझ्या सुनेनेच म्हणे तुझा जवळा झाडला?" मी मागेच होते, सासूला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सून कुठली? दुसरी कोण पोरगी होती. माझी सून त्या टायमाला संडास धूत होती पलीकडं."

नंतर मला समजायला लागलं. रस्त्यात मी निळ्या कोटात दिसले की ती मान फिरवायची. बागेसमोरून जाताना चालायचा वेग वाढवायची. एकदा सुपरवायझर मोटरसायकल लावत होता, मी शेजारीच होते, ती समोरून आली आणि माझ्याकडे अशी बघून गेली की जणू भिंतीकडे बघतेय. घरात मात्र नीट. डोक्याला तेल लावून द्यायची. रागाने करत नव्हती ती हे. मी एकदा ‘नाय’ म्हणाले होते, आणि माझं ते खोटं खरं ठरावं म्हणून ती बाई रोज मला अनोळखी होत होती. माझं काम टिकावं म्हणून.

आणि मी तिला ते करू देत होते. महिने. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. रोज ठरवायचे, आज तिला भर रस्त्यात हाक मारायची. हाक घशापर्यंत यायची आणि समोर सुपरवायझर नाहीतर दुसरं कुणी दिसायचं. घरी नवऱ्याचा ठेका, बाहेर माझा ठेका. दोन्हींच्या मध्ये मी. काम सोडू म्हटलं तर दुसरं काय, बोईसरला जाऊन कंपनीत पॅकिंग. तिथे तरी कोण बाकावर बसवणार होतं?

थंडीत महोत्सव निघाला. सागर महोत्सव, तीन दिवस, बागेत. खाण्याचे स्टॉल, गाणी, आणि मॅडमच्या डोक्यातून निघालेला कोळी कॉर्नर. फरशीच्या त्याच चौकात बांबूची वलांडी उभी केली, रंग देऊन. तिच्यावर बोंबील लटकवले. प्लास्टिकचे. मुंबईहून मागवले होते, खोक्यातून काढून मीच दोऱ्या बांधल्या. मी मॅडमला म्हणाले, "मॅडम, खरे आणू का? आमच्या आळीत हायेत."

"नको गं बाई. खऱ्याला वास येतो."

खऱ्या वलांड्या भिंतीच्या पलीकडे पन्नास पावलांवर होत्या. त्या बागेतून दिसतात म्हणून हलवा, असं समितीवाले त्याच महिन्यात सांगून गेले होते.

मग मॅडमला वाटलं, नुसती वलांडी रिकामी वाटते. माणूस पाहिजे. लुगडं नेसलेली, नाकात नथ, सुरकुतलेली अशी कुणी. ती सुपरवायझरला हे सांगत होती आणि नेमकी सासू भिंतीच्या कडेने चालली होती.

"ती बघा! तो चेहरा बघा! अशीच हवी."

हीच बाई. जिचा जवळा हिच्यासमोर फिनेल ओतून फेकला, तीच. मॅडमला ओळखू आली नाही. न ओळखल्याचं नाटकसुद्धा करावं लागलं नाही तिला, खरोखरच आठवत नव्हती.

सुपरवायझर जाऊन बोलला. मला वाटलं, ती त्याच्या तोंडावर थुंकेल. ती आली. दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली, केसांत अबोली घालून. घरी मला एक शब्द बोलली नव्हती. मी कपाळाला हात लावला. तिला वाटलं असणार, नाही म्हटलं तर राग कुणावर तरी निघेल, आणि तो कुणावर निघेल ते तिला पक्कं माहीत होतं.

तिला फरशीवर बसवलं. पुढ्यात पाटी, पाटीत प्लास्टिकचे पापलेट. लोक येत होते, तिच्या बाजूला उकिडवे बसत होते, फोटो काढत होते. पोरं पापलेट उचलून एकमेकांना मारत होती. एक बाई तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "मावशी, स्माईल!" सासू हसली. दात दाखवून हसली. घरी ती अशी हसत नाही.

मी कडेला खराटा घेऊन उभी होते. फोटोत येऊ नये म्हणून मागे.

दुपारी ऊन चढलं. म्हातारं माणूस, सकाळपासून बसलेलं, पहाटे बंदरावर जाऊन आलेलं. अंगाला मासळीचा वास येणारच. एक माणूस फोटो काढून उठला आणि बायकोला म्हणाला, "अरे, इसमें से तो सच में मछली की बू आ रही है." हसले दोघं. मॅडमने ते ऐकलं. ती माझ्याजवळ आली, पर्समधून सेंटची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"तिच्यावर जरा मार हे. आणि तिला म्हणावं, उद्या आंघोळ करून ये."

बाटली लहान होती. पण हात माझाच. समोरचं माणूस तेच. मला कळलं की मी हे आयुष्यभर करत राहणार आहे. हातात बाटली बदलेल, ओतायची जागा तीच राहील.

मी बाटली मॅडमच्या हातात परत दिली.

"मी नाय मारणार."

"म्हणजे?"

"ही माझी सासू हाय."

महिनोन्‌महिने अडकून राहिलेलं वाक्य. मला वाटलं होतं, हे बोलले की काहीतरी कोसळेल. काम जाईल, आरडाओरडा होईल. मॅडमचे डोळे चमकले.

"अगं, मग आधी सांगायचं ना! किती मस्त! सासू-सून दोघी! थांब, तो कोट काढ, एखादं लुगडं मिळेल का हिला? दोघींचा एकत्र फोटो घेऊ."

बोला आता. मी माझं काळीज काढून हातावर ठेवलं, आणि सजावटीत जेवढं कमी पडत होतं तेवढंच ते तिला वाटलं.

तेव्हा माझा तोल गेला. बरं झालं गेला. मी ओरडले. "फोटो काढायचा नाय! हिचा जवळा तू फेकायला लावलास. इथंच, ह्याच फरशीवर. मला विचारलंस, ओळखतेस का, मी नाय म्हणाले. फिनेल ओतलं मी. आठवतं का?"

लोक थांबले. स्टॉलवरची गाणी चालूच होती.

"हा विषय आत्ता कशाला काढतेस?" मॅडम हळू आवाजात म्हणाली. "लोक बघतायत. तमाशा नको. नंतर बोलू."

"आताच बोलायचं."

सुपरवायझर धावत आला. मी निळा कोट काढला आणि त्याच्या हातात दिला. सासूजवळ जाऊन तिचा दंड धरला. "उठ आय. घरी चल."

ती उठेना. तुम्हाला वाटत असेल, आता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. तिने माझा हात झटकला. पांढरीफटक पडली होती. दबक्या आवाजात म्हणाली, "गप बस गो! काम जाईल. मी कशासाठी बसलीय इथं?"

"जाऊ दे काम."

"तुझ्या बापाचं जातंय? पोरांना काय घालशील?"

सगळ्यांसमोर मला तिने शिवी दिली. इतक्या महिन्यांनी, पहिली. मी तिला बखोटीला धरून उठवलं. पाटी कलंडली, प्लास्टिकचे पापलेट फरशीवर पसरले. आम्ही मोठ्या फाटकातून बाहेर पडलो. मासळीवाल्या बाईला त्या फाटकातून बाहेर पडताना मी पहिल्यांदा बघितलं.

काम गेलंच. बाकीच्या दोघींना ठेकेदाराने सांगितलं, हिच्यासारखं केलंत तर तुमचंही जाईल. त्या माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. उरलेले दोन दिवस आळीतली दुसरी म्हातारी त्या कॉर्नरमध्ये बसली. नवरा एवढंच म्हणाला, "थोडं दमानं घ्यायचं होतं." सासू आठवडाभर अबोला धरून होती.

मी कोळगावला गेले, कलेक्टरकडे. पहिल्यांदाच एकटी, एवढ्या मोठ्या कचेरीत. अर्ज माझ्या हाताने लिहिला. मासळी सुकवण्यासाठी पक्का ओटा, जुन्या खळ्याच्या जागेवर, आणि बंदराची वाट मोकळी. खाली सह्या नऊ. पंधरा घरं फिरले, नऊ मिळाल्या. सासूचा अंगठा त्यात नाही. ती म्हणाली, "एकदा दिला. परत नाय देणार." पोचेचा शिक्का मारून घेतला. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय.

कागद कागदाच्या वेगाने जाणार. जवळा थांबत नाही.

गेल्या सोमवारी होडीतून चांगला जवळा उतरला. मी पाटी भरली आणि मोठ्या फाटकातून आत गेले. बागेत सकाळी चालणारे दोन-चार लोक होते. त्यांनी बघितलं, वळसा घेतला. मी फरशी धुतली. पसरला. माझा हात सासूसारखा नाही, मध्ये मध्ये ढीग होतात. बोटांनी सारखा करत बसले. सासू भिंतीच्या पलीकडे येऊन उभी राहिली, हनुवटी भिंतीवर टेकवून. आत ये म्हटलं, आली नाही.

थोड्या वेळाने सुपरवायझर आला. बरोबर नवीन सफाईवाली होती. डोंगरातली, विक्रमगडकडची, बोलण्यावरून कळलं. अंगात निळा कोट, तिला तो मोठा होत होता. हातात खराटा.

"हे सगळं झाडून टाक," तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "आणि तुझ्यावर केस होईल."

ती बाई हलली नाही. जवळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाण्याची वस्तू आहे हे तिला कळत होतं. कामही पाहिजे होतं. तिच्या मनात काय चाललंय, ते तिथे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"झाड बाय," मी तिला म्हणाले. "तुझ्यावर माझा राग नाय. तुझं काम हाय ते."

"ऐकलंस?" सुपरवायझर हसला. "तीच सांगतेय."

"तुला पण सांगते," मी म्हणाले. "उद्या मी परत पसरणार हाय. परवा पण. केस कर, माझं पूर्ण नाव लिही, नवऱ्याचं लिही, सासूचं लिही. ती बघ, तिथं उभी हाय. विचार तिला, मी कोण."

त्याने विचारलं नाही. बाईने झाडलं. हळू झाडलं, मान खाली घालून. मी तिथेच बसून राहिले, शेवटचा जवळा डब्यात जाईपर्यंत. मग रिकामी पाटी घेतली आणि त्याच फाटकातून बाहेर आले.

मंगळवारी पसरला. बुधवारी पसरला. बुधवारी अर्धा सुकला तेव्हा ते आले. आज गुरुवार. ओटा बांधून द्या, नाहीतर रोज झाडा. मी थकणार नाही असं मी म्हणत नाही. थकेन. थकले तरी सकाळी येऊन पसरेन.